सुदामभाऊंची टिटवी

सुदामभाऊंच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा चुकून कापडाच्या दुकानात शिरले की काय असं वाटलं. चारही भिंतींवर शाली ठोकलेल्या होत्या. लाल, हिरव्या, केशरी, जरीकाठाच्या, काही नुसत्याच चकचकीत. खिळे मारून, एकीवर एक, पार छतापर्यंत. मधे एक टेबल, त्यावर दोन टेपरेकॉर्डर, एक माइक आणि वायरींचा गुंता. मी आल्या आल्या गप्प झाले, त्यावरूनच मी भिंतींकडे बघत असणार हे त्यांनी ओळखलं.

“सत्काराच्या हायेत,” ते म्हणाले. “मी काम मांगाले जातो, लोक शाल देतात. नारळ खाऊन टाकतो. शालीचं काय करू? पन आवाज मस्त दाबतात. भिंतीवर आपटून येनारा आवाज शालीत मरून जाते.”

हे सांगताना ते हसले नाहीत. मी हसले, आणि मग मला अवघडल्यासारखं झालं.

सुदाम निमगडे चंद्रपूरकडच्या मूल गावचेच. वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे. लहानपणी देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. नागपूरच्या अंधशाळेत ते ब्रेल, टायपिंग आणि पेटी शिकले, पुढे बी.ए. झाले, आणि नोकरी काही मिळेना म्हणून गावी येऊन माइकसेट भाड्याने देऊ लागले. त्यातून रेकॉर्डिंगचा नाद लागला. जयंतीच्या गाण्यांच्या पार्ट्या, झाडीपट्टीतली नाटक मंडळं, सगळ्यांच्या कॅसेटी त्यांच्या खोलीत भरल्या जायच्या. कामात पक्के, पण जीभ तिखट. कोण बेसूर आहे ते तोंडावर सांगायचे. त्यामुळे त्यांच्याकडे जेवढे गायक येत तेवढेच रुसून जात, आणि दुसरीकडचं रेकॉर्डिंग ऐकून पुन्हा येत. “चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत माह्यासारखा रेकॉर्डिंगवाला दाखवा, मी दुकान बंद करतो,” असं ते कुणालाही ऐकवायचे. नम्रपणा त्यांच्या गावी नव्हता. मला ते आवडायचं, आणि त्याचा वैतागही यायचा.

मी तेव्हा मूलच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले होते. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, पडद्याच्या जागी टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला एक साधा टेपरेकॉर्डर. वीज गेली की यंत्राच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. म्हणून लिहिलेला प्रोग्राम आवाजाच्या रूपात कॅसेटवर उतरवून ठेवायचा आणि लागेल तेव्हा ती कॅसेट पुन्हा यंत्राला ऐकवायची. नागपूरला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण झाल्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे होती. पण मुलांनी यंत्राला हात लावलेला आमच्या हेडमास्तरांना खपत नसे. चपला बाहेर, हात मागे, आणि लांबून दर्शन. दसऱ्याला त्यांनी दोन्ही यंत्रांची पूजा केली, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. त्यातल्या एका यंत्राची निम्मी बटणं त्या दिवसापासून कायमची रुसली.

दुसऱ्यावर कॅसेटी चालेनाशा झाल्या, म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन सुदामभाऊंकडे गेले होते. त्यांनी कॅसेट लावली. त्या कॅसेटीतून नुसतं किंचाळणं ऐकू येतं, लांबलचक आणि खरखरीत. कुणीही कानावर हात ठेवतो. सुदामभाऊ पुढे वाकले. हेडचा स्क्रू इकडेतिकडे फिरवला, आवाज जरा उजळला, आणि तरी ते बटण बंद करेनात. पुन्हा मागे घेऊन ऐकत राहिले.

“हे काय हाय, बाई?”

मी सांगितलं की हा प्रोग्राम आहे. यात ओळी आहेत, अक्षरं आहेत, आकडे आहेत, ते यंत्राला असे ऐकवायचे असतात.

“म्हनजे लिहिलेलं हाय, आन ऐकू येऊन राह्यलं?”

“हो.”

“आन मले आतापर्यंत कोनी सांगतलं नाई,” ते म्हणाले, आणि खरोखरच चिडले. जणू सगळ्या जगाने मिळून ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते काठी टेकत येऊ लागले. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, “त्यांना दिसत नाही, त्यांना कॉम्प्युटरचा काय उपयोग?” मी म्हटलं, “मुलांना दिसतं, त्यांना तुम्ही हात लावू देत नाही. निदान कुणाचा तरी हात लागू द्या.” त्यांनी परवानगी दिली, पण नाराजीने.

सुदामभाऊंचं टायपिंग माझ्यापेक्षा कितीतरी वेगाचं होतं. मी प्रोग्रामिंगचं पुस्तक वाचून दाखवायची, ते ब्रेलमध्ये टोचून घ्यायचे आणि मग यंत्रावर लिहायचे. अडचण तिथूनच सुरू व्हायची. पडदा मुका. लिहिलेलं बरोबर की चूक हे मलाच वाचून सांगावं लागे, आणि मी काही चांगली वाचणारी नव्हते. शाळेत दिवसभर घसा कोरडा झालेला, घरी स्वयंपाक पडलेला, आणि इथे ओळीमागून ओळ.

“बाई, स्वल्पविराम खाल्ला तुमी.”

“नाही खाल्ला.”

“मंग मशीन काऊन बोंबलून राह्यली? पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचायची आणि स्वल्पविराम खरंच नसायचा. ओळीत काय असायला हवं ते मला माहीत असे, म्हणून माझे डोळे ते तिथे आपोआप बघत. सुदामभाऊंचं पालुपद त्यावरूनच तयार झालं. “जे हाय ते वाचा, बाई. जे असाले पायजे ते वाचू नका.” एकदा मी भडकून म्हटलं की उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा. त्यावर त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग म्हणाले, “तेच तं म्हनतो. कोनी दुसरं पायजेच काऊन?”

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गडचांदूरकडे एका कारखान्यात कॉम्प्युटरचं खातं सुरू होणार होतं आणि तिथे माणसं घ्यायची होती. सुदामभाऊ जाऊन आले होते. “साहेब इचारते, पडदा कोन वाचून दाखवन? आता काय सांगू त्याले? मूलच्या बाई रोज एसटीनं येतीन म्हनू?” त्यांना कॉम्प्युटरवर काम हवं होतं, आणि ते एकट्याने करता यायला हवं होतं. तसं झालं नाही तर आयुष्यभर माइकसेट उचलायचे आणि शाली घ्यायच्या, हे त्यांना दिसत होतं. हो, दिसत होतंच. तो शब्द ते स्वतः सर्रास वापरायचे, आणि आपण अडखळलो की त्यांना राग यायचा.

त्यावर त्यांनीच तोड काढली. त्या यंत्राला बारीक आणि जाड असा टीं-टीं आवाज काढता यायचा. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांचं. प्रत्येक टिंबाला एक सूर द्यायचा. मग एक बटण दाबलं की यंत्राने पडद्यावरची ओळ अक्षराअक्षराने वाजवून दाखवायची. मला हे ऐकायला सोपं वाटलं आणि करायला आमचं जवळजवळ वर्ष गेलं. वीज जायची, व्होल्टेज पडायचं, पुसलेलं पुन्हा लिहावं लागायचं. सुदामभाऊ एकेका टिवटिवीची लांबी कमी करत नेत होते. सुरुवातीला मला सूर वेगळे तरी ऐकू यायचे. नंतर नंतर सगळी ओळ एका झटक्यात चिवचिवून जायची. मला काही कळत नसे, आणि ते म्हणत, “एकविसाव्या ओळीत कोलन राह्यला.”

प्रोग्रामचं नाव त्यांनी टिटवी ठेवलं. हेडमास्तरांना ते अशुभ वाटलं. कोकिळा ठेवा म्हणाले. सुदामभाऊ म्हणाले, “कोकिया आपल्या मस्तीत गाते. टिटवी जंगलात कोन आलं, कोन गेलं ते सांगते. मले सांगनारी पायजे.” टिटवी कॅसेटच्या एका बाजूला उतरवून ठेवली होती आणि तीच दुसऱ्या बाजूला, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. रोज काहीतरी सुधारून ती पुन्हा भरली जायची, त्यामुळे कॅसेट कायम त्याच टेपरेकॉर्डरमध्ये असायची.

एके संध्याकाळी ते मला म्हणाले, “बाई, तुमी बाहेर जाऊन बसा.” मी व्हरांड्यात स्टुलावर बसले. आतून टायपिंगचा आवाज यायचा, मग टिवटिव, मग शांतता, मग एक शिवी, मग पुन्हा टायपिंग. खूप वेळाने ते दारात आले. पाढे म्हणून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने लिहिला होता. तो अडला होता, त्यातली चूक त्यांनी ऐकून शोधली होती आणि दुरुस्तही केली होती.

“स्वल्पविराम होता,” ते म्हणाले. “या टायमाले मीच खाल्ला.”

त्यांना एवढं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी उगीच खिडक्या लावत बसले.

मीच मग कारखान्याच्या साहेबांना गाठून विनंती केली की एकदा येऊन अर्धा तास बघून जा. ते भले गृहस्थ होते, येतो म्हणाले. भरती तोंडावर आली होती. माझी चूक एवढीच झाली की बाहेरचा माणूस शाळेत येणार म्हणून मी हेडमास्तरांना सांगितलं, आणि ते सांगणं भागच होतं. चार दिवसांत अर्ध्या तासाचा समारंभ झाला. मैदानात मांडव पडला. साहेब प्रमुख पाहुणे, सुदामभाऊ सत्कारमूर्ती, लेझीम पथक, आणि बाईमाणूस म्हणून स्वागतगीत माझ्याकडे. सुदामभाऊ म्हणाले, “मले सत्कार नाई पायजे. साहेबाले खोलीत आना, खुर्ची द्या, झालं.” हेडमास्तर म्हणाले, “अहो, आपल्या शाळेचं नाव होतंय, तुम्ही कशाला संकोच करता?” संकोच हा शब्द सुदामभाऊंच्या बाबतीत मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

त्या सकाळी सुदामभाऊंनी यंत्र लावून टिटवी तपासली. उत्तम चालली. मग हेडमास्तरांच्या हुकमावरून कॉम्प्युटर, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर उचलून मांडवात मंचावर नेले. यंत्र बंद केल्यावर त्याचं डोकं रिकामं झालं, पण त्याची काळजी नव्हती. कॅसेट होती. भाषणं संपली की पाच मिनिटांत ती परत भरता आली असती.

सुदामभाऊंना लेझीमच्या गजरात फाटकापासून मिरवत आणत होते. मी मुलींना ओळीत उभं करत होते. हेडमास्तर मंचावर एकटे होते. समोर टेपरेकॉर्डर दिसल्यावर त्यांना वाटलं, एवढा मोठा प्रसंग आहे, भाषणं रेकॉर्ड करून ठेवावीत. कॅसेट आत होतीच. त्यांनी ती जरा वाजवून बघितली, तर नुसतं किंचाळणं. आधीचं रेकॉर्डिंग बिघडलेलं आहे, पुसलं तरी चालेल असं समजून त्यांनी ती पहिल्यापासून लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. एक बाजू संपल्यावर, आपलंच भाषण चालू असताना, त्यांनी स्वतः दोन पावलं मागे जाऊन कॅसेट उलटली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. हे मी बघितलं. ते काय करताहेत हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. माइकसेट बाहेरून आणलेला होता आणि तो सारखा शिट्ट्या मारत होता. गळ्यात हार घालून बसलेले सुदामभाऊ त्या शिट्ट्यांनी कातावून खुर्चीत चुळबुळ करत होते.

सत्कार झाला. शाल पडली. मग त्यांना कॉम्प्युटरपाशी नेलं. यंत्राला ऐकवण्याआधी कॅसेट स्वतः ऐकायची त्यांची सवय होती. त्यांनी चाचपून पहिली बाजू लावली, टेप मागे घेतली, बटण दाबलं आणि मुलींचं स्वागतगीत सुरू झालं. समोर बसलेल्या गावकऱ्यांना वाटलं, कॉम्प्युटर गाऊ लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुदामभाऊंनी घाईने कॅसेट उलटली. “...आपल्या मूल तालुक्याचं भूषण, अंधारातून प्रकाशाकडे जाणारे...” हेडमास्तरांचा आवाज घुमला. आता तर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुदामभाऊंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कॅसेट पुढेमागे पळवून त्यांनी दोनदा ऐकली. दोन्ही बाजू भाषणांनी भरल्या होत्या.

त्यांनी माइक मागितला. “साहेब, मले थोडा टाईम द्या. पाठ हाय मले. आता लिहून दाखवतो.”

साहेबांची जीप फाटकात उभी होती आणि त्यांना पुढे राजुऱ्याला जायचं होतं. त्यांनी सुदामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू द्या हो. तुम्ही एवढं केलंत हेच किती मोठं आहे. आमच्याकडे तुमच्यासारख्यांसाठी टेलिफोन ऑपरेटरची एक जागा असते. मी लक्षात ठेवतो.” हेडमास्तरांनी ते माइकवर जाहीर करून टाकलं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मी मधे पडून साहेबांना समजावू लागले, पण गर्दीत माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की नाही देव जाणे. जीप गेली.

मांडव रिकामा झाल्यावर सुदामभाऊ हेडमास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता काठी उगारतात.

“सर, तुमचं भाषन एका बाजूत काऊन नाई मावलं?”

हेडमास्तर खरंच ओशाळले. कॅसेट किर्र वाजत होती म्हणून खराब वाटली, म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून बाजारातून नवी कॅसेट आणून त्यांनी सुदामभाऊंच्या हातात ठेवली. चांगल्या कंपनीची, कोरी.

वाईट माणूस कुणीच नव्हता, हाच माझा खरा संताप आहे. वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. सगळ्यांना सुदामभाऊंचं कौतुक होतं, ऊर भरून येत होता, आणि त्या भरलेल्या उरांखाली त्यांचं काम चिरडलं गेलं.

सुदामभाऊंच्या घरी एक जुनी कॅसेट होती, पण तिच्यातली टिटवी नुसती अक्षरं वाचायची, आकडे नाही. ती घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली; पाठ होतं ते ढोबळ, वर्षभरातल्या बारीक सुधारणा एकेक आठवून काढाव्या लागल्या. मी पुन्हा वाचायला बसले आणि पुन्हा स्वल्पविराम खाऊ लागले. अर्ध्यावर आलं असेल नसेल, उन्हाळ्यात व्होल्टेज एकदम वाढलं आणि यंत्रातून धूर निघाला. ते दुरुस्तीला नागपूरला गेलं ते परत आलंच नाही. राहिलं ते हळदकुंकवाचं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या जागा दरम्यान भरल्या. आणि टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीचा हुकूम मात्र वेळेवर आला, साहेब शब्दाला जागले होते.

मी सुदामभाऊंना जाऊ नका म्हणून सांगून पाहिलं. मूलच्या स्टँडवर, पत्र्याची पेटी पायाशी ठेवून ते एसटीची वाट बघत होते.

“थोडं थांबा. दुसरं यंत्र येईल.”

“माय म्हातारी झाली, बाई. घरी बसून राग कोनाले दाखवू? भिंतीले?” मग म्हणाले, “लोक सांगून राह्यले, आवाजाचंच काम हाय, तुमच्या लायकच हाय.” हे त्यांनी अगदी थंडपणाने म्हटलं. गाडी आली. चढताना त्यांनी कंडक्टरला आधी धक्का दिला आणि मग, मदत करू नकोस म्हणून, झापलं.

पुढे माझी बदली चंद्रपूरला झाली. त्या शाळेत नवे कॉम्प्युटर आले, धड बटणांचे, आणि तिथल्या हेडमास्तरीणबाई यंत्राची पूजा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. माझ्या मनात आलं, सुदामभाऊंना रविवारी बोलवावं. टिटवी पुरी करून ती साहेबांपुढे पुन्हा ठेवावी. पोस्टात जाऊन मी कारखान्याचा नंबर लावला.

“नमस्कार. कोण हवंय आपल्याला?”

आवाज त्यांचाच, पण भाषा घासूनपुसून स्वच्छ केलेली. मला क्षणभर दुसऱ्याच कुणाला फोन लागल्यासारखं वाटलं. मागे कुठल्यातरी खोलीत प्रिंटर किरकिरत होता.

“सुदाम निमगडे आहेत का?” मी विचारलं.

माझा आवाज त्यांनी पहिल्याच शब्दाला ओळखला असणार, यात मला शंका नाही.

“कोनते निमगडे, बाई? टेलिफोनवाले का प्रोग्रामवाले?”

“प्रोग्रामवाले.”

“ते इथी नाईत. त्यायले कामावर घेतलंच नाई.”

आणि त्यांनी लाइन तोडली. नव्या कॉम्प्युटरचं, रविवारचं मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. मी पुन्हा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली आणि कुणीतरी दुसऱ्याच माणसाने फोन उचलला.